बाळ रात्रभर झोपायला लागलं, आता दूध टिकवायचं कसं?

संत्राबर्फी
मंडळी, प्रश्न ऐकून हसाल. मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, पूर्ण अंगावर पिते, वरचं काही नाही. उन्हाळा लागला तसा घरात कूलर सुरू केला आणि बाईसाहेबांनी रात्रीचं उठणंच सोडलं. रात्री साडेनऊला डोळा लागतो तो थेट पहाटे साडेपाचला उघडतो. घरात सगळे खूश. मी मात्र पहाटे तीन-चारला दुखून जागी होते. छाती गच्च, गाऊन भिजलेला. ते एक वेळ चाललं असतं, पण दोन दिवसांपासून तो गच्चपणाच कमी वाटतोय. म्हणजे दूध आटायला लागलं का?

सासूबाई म्हणतात, रात्रीचं दूध गेलं की दिवसाचंही जातं. आई (ती अमरावतीला असते) म्हणते, झोपलेल्या लेकराला कुणी उठवतं का! माझ्याकडे हाताने चालवायचा पंप आहे. पावसाळ्यात इथलं, नागपूरच्या मिहानमधलं, ऑफिस सुरू होणार, त्याआधी थोडं दूध साठवायचंही आहे. उठवून पाजू, पंप करू, की मीही गपगुमान झोपू?

वऱ्हाडी आजी
काहून जागवता व त्या लेकराले? सुखानं झोपून राह्यलं तर झोपू द्या ना. आमच्या वेळी घरात चार लेकरं अन् दहा माणसांचा सैपाक, रात्री झोप भेटली तर आम्ही देवाला हात जोडत होतो. तू बी झोप. बाळंतिणीची झोप झाली की पान्हा आपसूक फुटते.

खडूस काकू
आजींचा मान राखून असहमत. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना असाच रात्रभर झोपायला लागला. सगळ्यांनी "झोपू दे, झोपू दे" केलं आणि तिसऱ्या महिन्यात दूध निम्म्यावर आलं. चौथ्यात डबा आणावा लागला. माझा सल्ला एकच, रात्री दोनचा गजर लावून उठव आणि पाज. नंतर रडण्यापेक्षा आता जागलेलं बरं.

पाळणा
मी नागपुरातच लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते, आता नवीन आयांना पाजण्याबाबत मार्गदर्शन करते. जरा सविस्तर लिहिते, कारण इथे दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या खऱ्या आहेत.

पहिले काही आठवडे दूध हार्मोन्सच्या जोरावर येतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रात्रीचं पाजणं फार मोलाचं. पण साधारण दीड-दोन महिन्यांनंतर कारभार बराचसा छातीतल्या छातीत चालतो. दूध साचून राहिलं की त्यातलाच एक घटक "आता थांबा" असा निरोप देतो आणि निर्मिती मंदावते. दूध निघालं की ती परत वाढते. म्हणून घड्याळात रात्र आहे की दिवस हे दुय्यम. चोवीस तासांत एकूण किती वेळा आणि किती चांगलं रिकामं होतं, हे मुख्य.

दुसरी गोष्ट, प्रत्येकीची साठवायची क्षमता वेगळी. कुणाचा माठ, कुणाचा तांब्या, आणि याचा बाहेरून दिसणाऱ्या आकाराशी काही संबंध नाही. माठवालीचं बाळ आठ तास झोपलं तरी तिला फारसं जाणवत नाही, कारण तितकं दूध आत मावतं. तांब्यावालीचं चार-पाच तासांत भरतं आणि तिथून पुढे निरोप जायला लागतो. तीही दिवसभरात तेवढंच दूध तयार करू शकते, फक्त तिला जास्त वेळा रिकामं करावं लागतं. खडूस काकूंचं आणि त्यांच्या शेजारणीचं एकच वागणं असूनही निकाल वेगळे येतात, ते यामुळेसुद्धा.

गच्चपणा कमी होण्याबद्दल: दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात छाती मऊ लागायला लागते, गळणं कमी होतं. शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो, इतकंच. मऊ छाती म्हणजे दूध गेलं असं नाही. पंपात किती पडलं यावरूनही ठरवू नका, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं.

संत्राबर्फी, मला तीन गोष्टी सांग. जन्माचं वजन आणि शेवटच्या लसीच्या वेळचं वजन. दिवसभरात किती वेळा शू होते. आणि बाळ वेळेवर जन्मलं होतं ना?

संत्राबर्फी
वेळेवर. जन्मताना २.८, चौदाव्या आठवड्याच्या लसीला ५.४. शू दिवसातून सात-आठदा तरी. दिवसा मात्र हल्ली नीट पीत नाही. पंखा हलला की तिकडे बघते, दारावर भाजीवाला ओरडला की सोडून मान वळवते.

पाळणा
मग वजन छान चाललंय. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५-३० ग्रॅम वाढ हवी, तुझी त्यात बसते. पुढे हा वेग कमी होतो, तेव्हा पुढच्या महिन्यात आकडा लहान दिसला तर लगेच घाबरू नकोस. माता-बाल संरक्षण कार्डावर जो वाढीचा तक्ता असतो त्यात टिंब टाकत जा. एकटा आकडा काही सांगत नाही, रेषा कुठे चाललीय ते बघायचं.

म्हणून उठवायची गरज नाही. जन्माचं वजन अजून परत आलेलं नसेल, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, कावीळ असेल किंवा वजन अडलं असेल, तर मात्र उठवून पाजायचंच. तिथे "झोपलेल्या लेकराला उठवू नये" हे चालत नाही. आजी, रागावू नका.

तुझी खरी अडचण रात्री नाहीच, दिवसा आहे. चौथ्या महिन्यात पोरांना जग दिसायला लागतं आणि पिणं कंटाळवाणं होतं. दिवसा अर्धवट प्यायलं आणि रात्री झोपलं, तर चोवीस तासांचा हिशोब खाली जातो. अंधाऱ्या, शांत खोलीत, पडदे ओढून पाज. भूक लागून रडायची वाट न बघता दर दोन-अडीच तासांनी छातीशी घे. झोपेतून उठल्या उठल्या, अर्धवट डोळे उघडे असताना चांगलं पितात.

मग संध्याकाळी सहा ते साडेनऊमध्ये दोन-तीनदा पाज, भले थोडं थोडं पिऊ दे. आणि तू झोपायच्या आधी, अकराच्या सुमारास, तिला न उठवता उचलून पाजून बघ. बरीच बाळं झोपेतच ओढतात. नाही घेतलं तर तेव्हा पंप कर. म्हणजे तुझ्या बाजूने खंड अकरा ते साडेपाच इतकाच राहतो. पहाटे उठल्यावर एका बाजूला तिला लाव, दुसऱ्या बाजूला पंप. पहाटे दूध सगळ्यात भरपूर असतं, ऑफिससाठीचा साठा तिथूनच होईल.

झिंगरूचा बाबा
बायको इथे लिहीत नाही म्हणून मी विचारतो. आमच्याकडे हेच चालू आहे, पण तिला पहाटे छातीत गाठ येते, दुखते. गरम पाण्याने शेकून जोरात चोळायला सांगितलंय शेजारच्या काकूंनी. चोळू का? म्हणजे तिने चोळावं का, असं.

पाळणा
चोळू नका, दोघांपैकी कुणीही. जोरात रगडल्याने आतली सूज वाढते. आता सल्ला बदललाय: हलक्या हाताने, नुसतं कुरवाळल्यासारखं बगलेच्या दिशेने फिरवायचं, पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ लावायचा. आणि ठणका लागला की पार रिकामं करायला जाऊ नये, नाहीतर शरीर समजतं की मागणी वाढली आणि दुसऱ्या रात्री आणखी भरतं. रात्री दुखून जाग आली तर बाथरूममध्ये जाऊन हाताने, बरं वाटेल इतकंच पिळून काढायचं. ताप आला, कातडी लाल झाली, अंग मोडून आलं आणि एक दिवसात उतरलं नाही तर डॉक्टर. त्या काळातही पाजणं बंद करायचं नाही.

तुम्ही करायचं म्हणाल तर पंपाचे भाग धुऊन उकळून ठेवा आणि अकरा वाजता पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवा. याने दूध वाढत नाही, पण पंप करायला बसणारीचा वैताग नक्की कमी होतो. आणि वैताग कमी झाला की पान्हाही लवकर फुटतो, ते ऑक्सिटोसिन या हार्मोनचं काम आहे.

तर्री-पोहे
अगं एवढं शास्त्र कशाला! इतवारीत जा, हळीव, डिंक, मेथी घे, खारका घाल, लाडू कर. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. सोबत शतावरी कल्प दुधातून. माझ्या वहिनीचं दूध इतकं वाढलं की पोराला ठसका लागायचा.

खडूस काकू
हो, आणि उन्हाळ्यात नागपुरात चार-चार मेथीचे लाडू खाऊन ती रात्रभर पोट धरून बसेल ते वेगळं.

पाळणा
:) लाडू खा, फक्त भलती आशा नको. बाळंतिणीला पाजायच्या काळात रोज नेहमीपेक्षा जास्त खावं लागतं आणि डिंक-हळिवात लोह, ऊर्जा चांगली असते. पण दूध वाढतं याचा भक्कम पुरावा मेथीबद्दलही नाही, शतावरीबद्दलही नाही. मेथी जास्त घेतली तर साखर खाली येऊ शकते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. लाडू खाल्ले पण दूध निघालंच नाही, तर साचलेलं दूध "थांबा"च म्हणणार.

मेडिकलमधून परस्पर दूध वाढवायची गोळी आणणाऱ्यांसाठी: ती बहुतेक डोम्पेरिडोन असते, काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.

खडूस काकू, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. तुमचं दूध तिसऱ्या महिन्यात उतरलं, त्याच सुमारास गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या होत्या का?

खडूस काकू
हो. दीड महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा लिहून दिल्या होत्या. का?

पाळणा
मला तीच शंका होती. ज्या गोळ्यांत दोन हार्मोन्स असतात, म्हणजे इस्ट्रोजेनही असतं, त्यांनी दूध कमी होऊ शकतं. सरकारी दवाखान्यातली माला-एन त्याच प्रकारची. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईला शक्यतो त्या देत नाहीत. तुमच्या बाबतीत झोप कारणीभूत होती की गोळ्या, की दोन्ही, हे आता सांगता येणार नाही. पण सगळा दोष त्या बाळाच्या झोपेवर टाकायला मी तयार नाही.

खडूस काकू
तेरा वर्षांनी कळतंय. तेव्हा कुणी एका शब्दाने बोललं नाही. माझं गजराचं मत मागे घेत नाहीये, पण ही माहिती इथे राहू दे.

निशिगंध
हा विषय निघालाच आहे तर. माझी मुलगी चार महिन्यांची होऊन रात्रभर झोपायला लागली आणि महिनाभरात पाळी आली. आई म्हणाली, "अंगावर पाजतेस ना, मग कशी आली?" शेजारीपाजारी सगळ्यांचा समज हाच की पाजतोय म्हणजे दिवस राहत नाहीत.

पाळणा
या एका समजुतीमुळे आमच्याकडे वर्षभरात परत पोट घेऊन येणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्यात. पाजण्याने संरक्षण मिळतं, पण तीन अटी एकत्र हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि पूर्ण अंगावर पाजणं, तेही दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. तिन्ही असतील तर ९८ टक्क्यांहून अधिक भरवसा. बाळ आठ तास झोपायला लागलं की तिसरी अट तिथेच गळते, पाळी आलेली नसली तरी.

संत्राबर्फी, हे तुलाही लागू. पंपाने काढलं तरी ते बाळाने ओढण्याइतकं धरत नाहीत. तांबी, कंडोम, फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी, सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी छाया गोळी किंवा अंतरा इंजेक्शन, यातलं दुधाला बाधा न आणणारं काय चालेल ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार.

संत्राबर्फी
बाप रे. मी दुधाचं विचारायला आले होते. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय.

ऑरेंज लाइन
मिहानमध्येच आहे, दुसऱ्या बाळंतपणानंतर रुजू झाले. ऑफिसचं थोडं सांगते. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण रजेनंतर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी हा १९६१ च्या कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज. ती पंप करायला मागून घे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही हवी. आमच्या एचआरला हे दाखवल्यावर एक रिकामी मीटिंग रूम कडीसकट मिळाली. आधी बाथरूममध्ये कर म्हणाले होते.

आता आपल्या उन्हाळ्याचं. पुस्तकात "बाहेर चार तास टिकतं" असं लिहिलेलं असतं ते २५ अंशांसाठी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो, कूलर लावलेली खोलीही तिशीच्या खाली येईलच असं नाही. काढलं की लगेच फ्रिज. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, चार दिवस. डीप फ्रीझमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं. तारीख लिहायला विसरू नकोस, सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. ऑफिसातून घरी आणताना उष्णतारोधक पिशवी आणि गोठवलेले बर्फाचे पॅक. मी खापरीहून मेट्रोने बर्डीला येते, तेवढ्यात काही होत नाही. गाडीने येणाऱ्या मैत्रिणीने पिशवी डिकीत ठेवून मॉलमध्ये चक्कर मारली होती, ते दूध फेकावं लागलं. तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

अजून एक. रुजू झाल्यावर बरीच बाळं दिवसा वाटी-चमच्याने जेमतेम पितात आणि रात्री आईला धरून सगळी कसर भरून काढतात. तेव्हा आत्ताची झोप घेऊन घे.

वऱ्हाडी आजी
एवढ्या उन्हात लेकराले पाण्याचे दोन चमचे देता का नाही? घसा सुकते त्याचा.

पाळणा
नाही आजी. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत नागपूरच्या मे महिन्यातही तेवढं पुरतं. पाणी, ग्राइप वॉटर, मध-बिध काही नको. पोट पाण्याने भरलं की बाळ तेवढं कमी ओढणार, म्हणजे परत दुधावरच गदा, शिवाय जुलाबाची भीती. उन्हात बाळाला जास्त वेळा छातीशी घ्यायचं. आईने मात्र तहान लागेल तसं भरपूर प्यावं. ताक, लिंबू सरबत, पन्हं, काय हवं ते. उगाच लोटेच्या लोटे रिचवून दूध वाढत नाही.

वऱ्हाडी आजी
बरं बाई. पन्हं मी पाठवतो.

डब्बावाला
सोपं सांगू? रात्री झोपताना एक बाटली डब्याच्या दुधाची. बाळ झोपतं, आई झोपते, विषय संपला. माझ्या दोन्ही मुलांना दिली, धडधाकट आहेत.

ऑरेंज लाइन
ती आधीच झोपतेय म्हणून तर धागा आहे दादा.

पाळणा
कुणाला वैद्यकीय कारणाने वरचं द्यावं लागलं तर त्यात कमीपणा नाही, त्या आईला मी कधी बोल लावत नाही. पण इथे गरजच नाहीये. झोपायच्या वेळी बाटली दिली की संध्याकाळचं आणि रात्रीचं अशी दोन्ही पाजणी एकदम जातात, आणि प्रश्न दूध टिकवायचा होता.

संत्राबर्फी
धन्यवाद सगळ्यांना. थोडे दिवस करून बघितलं, मग लिहितेय. दिवसा मागच्या खोलीत पडदे लावून पाजते, तिथे भाजीवाला ऐकू येत नाही. फरक पडला. अकराला झोपेत पाजायचा प्रयत्न केला, तिने तोंड वळवून मला झिडकारलं, म्हणून पंपच करते. पहाटेचं दुसऱ्या बाजूचं दूध काढून डीप फ्रीझमध्ये ठेवतेय. सासूबाईंनी त्या पिशव्या मोजून शेजारी जाहीर केल्यात. पहाटेची ठणक गेली. अंगणवाडीत वजन केलं, रेषा आपल्या वाटेने चाललीय.

एक शेवटचं. अकराचा पंप जन्मभर करायचा का? आणि कधी करायला विसरले किंवा झोपून गेले तर?

पाळणा
एखाद्या रात्री झोपलीस तर झोप, त्याने काही कोसळत नाही. पंप कधी सोडायचा हे तुझं तू ठरव, पण एकदम नको. दर दोन-तीन दिवसांनी दोन-चार मिनिटं कमी करत जा, म्हणजे गाठी होणार नाहीत. दिवसाचं पाजणं नीट बसलंय आणि वजन ठीक आहे, तर ऑफिसच्या साठ्यापुरता ठेव. त्यानंतर शू कमी वाटली किंवा वजनाची रेषा आडवी झाली, तर दोन आठवडे परत सुरू कर. दिवसातून आठेक वेळा रिकामं होऊनही दूध वाढत नसेल तर थायरॉइड तपासून घे, ते बऱ्याचदा राहून जातं.

झिंगरूचा बाबा
बर्फ लावला, गाठ विरघळली. पंप उकळायची ड्युटी माझ्याकडे आहे. त्या चपट्या रबरी झडपा पण उकळायच्या का, त्या वाकड्या होऊन राहिल्या?

ऑरेंज लाइन
कुठल्या झडपेला उकळणं चालतं ते पंपाच्या माहितीपत्रकात असतं, आधी ते बघा. आणि वाकडी किंवा चिरलेली झडप बदला, तिने ओढ कमी होते. कित्येकदा दूध कमी झालेलं नसतं, झडप गेलेली असते.